नेदरलँड्स अख्खा समुद्राखाली आहे का?

‘नेदरलँड्स हा पूर्ण देश समुद्रसपाटीखाली आहे’ असं फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. समज अगदीच निराधार नाही. सुमारे २६ टक्के जमीन खरोखरच खाली आहे. उरलेली वर आहे आणि आग्नेय टोकाची फाल्सरबर्ग टेकडी तर ३२२ मीटर उंच आहे.

गंमत म्हणजे, खाली असलेली सगळीच जमीन समुद्र हटवून मिळवलेली नाही. पश्चिमेकडची बरीचशी दलदल पूर्वी समुद्रसपाटीच्या वर होती. मध्ययुगात शेतकऱ्यांनी चर खणून पाणी काढलं, तशी कुजक्या वनस्पतींची ती माती वाळून आक्रसली, खचली. मग पाणी उपसायला पवनचक्क्या आल्या. स्किपोल विमानतळ मात्र १८५२ मध्ये उपसून कोरड्या केलेल्या तळ्याच्या तळावर आहे.

पडताळायचं असेल तर उंची दाखवणारा नकाशा उघडा आणि ॲमस्टरडॅमपासून पूर्वेकडे सरकत आकडे पाहा.