12345678987654321 आणि डोंबिवली स्टेशन

सकाळी लोकलमध्ये फोर्थ सीटवर कसाबसा टेकलो होतो तेव्हा फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला, 111111111 ला 111111111 ने गुणा आणि चमत्कार बघा, उत्तर 12345678987654321! चमत्कार वगैरे काही नाही हो, पण या आकड्याचं आपल्या सेंट्रल लाइनशी नातं आहे आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव दिलं द. रा. कापरेकरांनी, तेच ते 6174 वाले, म्हणजे कुठल्याही चार अंकी संख्येचे (सगळे अंक सारखे नसतील तर) अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा आकडा. जन्म 1905 चा, डहाणूचा, शाळा ठाण्याला, मग फर्ग्युसन, आणि पुढे 1962 पर्यंत देवळालीला शाळामास्तर. आपल्याकडच्या बऱ्याच गणितवाल्यांनी त्यांना फारसं मोजलं नाही, जगभर नाव झालं ते 1975 मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या अमेरिकन मार्टिन गार्डनरने लिहिल्यावर. तर जीआयपी, म्हणजे आताच्या सेंट्रल रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन, म्हणजे आताचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून डेम्लो. आपल्याला तिथे आत शिरायला मिळेल का एवढंच सुचतं.

त्यांचा नियम असा, संख्येचे तीन तुकडे पाडायचे, आणि डावा-उजवा तुकडा मिळवला की मधलाच अंक परत परत यायला हवा. 165 घ्या, 1 आणि 5 सहा, मध्ये 6. 2553 मध्ये 2 आणि 3 पाच, मध्ये 55. आता आपला मोठा, 12345678 अधिक 87654321 म्हणजे 99999999, आणि मध्ये 9 बसलेलाच आहे!

आणि हे होतं का, तर शाळेतला गुणाकार आठवा, नऊ एकांची ओळ, खाली एकेक घर सरकवत तीच ओळ नऊ वेळा, उभी बेरीज कडेला 1, मग 2, मग 3, मध्ये 9, परत उतरत 1, हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात 10 होतात, हातचा आला आणि सगळा डौल गेला, उत्तर 1234567900987654321, चढतानाचा 8 गायब आणि मध्ये दोन शून्यं.

बरं हे कापरेकरांच्याही हजारेक वर्षं आधीचं आहे. साधारण 850 च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात 12345654321 दिलाय, एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असं वर्णन करून. म्हणजे 111111 चा वर्ग.

ऑफिसला पोचल्यावर एक्सेलमध्ये नऊ एकांचा करून बघितला तर शेवटी 321 ऐवजी 300, कारण ते 15 अंकांपुढे सरळ शून्यं भरतं. शेवटी डब्याच्या वेळात पेपर नॅपकिनवर उभी बेरीज मांडली.