वजन उतरवणे (आहार आणि व्यायामाने) : गोव्याच्या संदर्भात

अंगावरची जादा चरबी खाणं कमी करून आणि हालचाल वाढवून घटवणं म्हणजे वजन उतरवणं. बोलताना लोक वेट लॉस, डाएट, बारीक होणं असं काहीही म्हणतात. औषधं, इंजेक्शनं आणि पोटाची ऑपरेशनं हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. नुसतं पाणी उतरणं हेही यात धरू नये. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून जो आनंद होतो त्यातलं बरंचसं पाणीच असतं, कारण लिव्हर आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, खर्च होते तेव्हा त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सुटतं, आणि एका लग्नात जेवून आलं की तेवढं परत भरतं.

जुन्या ग्रंथांत या विषयाची सगळ्यात नीट मांडणी चरकसंहितेच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात, २१ व्या अध्यायात सापडते. अध्यायाचं नाव अष्टौनिन्दितीय. फार उंच, फार ठेंगू, फार केसाळ, बिनकेसाचा असे आठ निंदित देह सांगितलेत, पण खरी चर्चा अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीच आहे. दोन्ही वाईट, तरी त्यातल्या त्यात कृश बरा, कारण स्थूलाचा उपचार जास्त अवघड, असा कौल दिलाय. उपचाराचं सूत्र 'गुरु पण अपतर्पण', म्हणजे पचायला जड पण अंगाला न लागणारं अन्न: जव, कुळीथ, मूग, ताक, मधाचं पाणी. आजची फायबर-प्रोटीनची भाषा यापासून फार लांब नाही, पण तेव्हाच सगळं माहीत होतं असा अर्थ काढायची काही गरज नाही. काळाबद्दल मतं वेगळी आहेत. ग्रंथाचा मूळ गाभा साधारण इ.स.पू. दुसरं ते इ.स. दुसरं शतक या दरम्यान कुठेतरी ठेवतात, आणि दृढबल या नंतरच्या संपादकाने त्यात बहुधा चौथ्या-पाचव्या शतकात भर घातली. ती भर मुख्यतः चिकित्सा, कल्प आणि सिद्धी या स्थानांत आहे, त्यामुळे हा अध्याय जुन्या भागातला मानायला हरकत नाही. चरक म्हणजे कनिष्काच्या दरबारातला वैद्य हे मत चिनी बौद्ध ग्रंथांतल्या उल्लेखावर उभं आहे, ते फार धरून बसू नये. व्यायामाबद्दल सुश्रुत आणि वाग्भट दोघेही अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा म्हणतात, कपाळाला घाम आला की थांबायचं. जिममधल्या पोरांना हे पटत नाही.

युरोपात डाएट या अर्थाने गाजलेला पहिला माणूस बहुतेक विल्यम बँटिंग, लंडनमधला अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक. १८६३ मध्ये त्याने पाव, साखर, बीअर, बटाटे सोडून वजन कसं उतरवलं ते पुस्तिकेत छापलं आणि पुढे त्याच्या नावाचं क्रियापदच झालं. आजचं लो-कार्ब, म्हणजे पिठूळ-गोड कमी खाणं, तिथूनच चालत आलंय.

आता मुळात जादा वजन कशाला म्हणायचं, हा वादाचा भाग आहे आणि इथेच लोक फसतात. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. कल्पना बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाची, १८३० च्या दशकातली, पण त्याला सरासरी माणूस मोजायचा होता, कोणाला लठ्ठ ठरवायचं नव्हतं. बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेच्या अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी रूढ केलं. जागतिक पातळीवर २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठ असा हिशेब, पण आशियाई लोकांत कमी बीएमआयलाच डायबेटिस दिसतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ असे टप्पे सुचवले, आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सहमतीने २३ आणि २५ धरले. म्हणजे पाच फूट सहा इंचाचा ७१ किलोचा माणूस एका चार्टवर नुसता थोडा जाड आणि दुसऱ्यावर चक्क लठ्ठ. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यामुळे आपल्याकडे काट्यापेक्षा टेप बरी, असं मत हल्ली जास्त दिसतं आणि तेच ठीक वाटतं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०, याच्या आत हवी. टेप लावायची शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून. पँटचा नंबर ३४ म्हणून कंबर ३४ इंच असं नसतं, पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो आणि पोट त्यावरून निवांत बाहेर बघत असतं.

दुसरा आकडा ७,७०० चा. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी, तेव्हा रोज ५५० कमी खा, दोन आठवड्यांत एक किलो गेलाच, असं डाएटिशियनपासून शेजारणीपर्यंत सगळे सांगतात. हे मूळ १९५८ चं, मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरने एका पौंडाला ३,५०० कॅलरी असा हिशेब मांडला होता. चरबीच्या पेशीजालात साधारण ८७ टक्के स्निग्ध द्रव्य, त्याला ग्रॅममागे नऊ-साडेनऊ कॅलरी, म्हणजे हिशेब चुकीचा नाही. चूक आहे ती सरळ रेषेत पुढे नेण्यात, कारण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, लहान गाडीला पेट्रोल कमी लागतं तसा. २०११ मध्ये अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने हे बदलतं गणित मांडलं, त्यानुसार वजन उतरायचा वेग हळूहळू मंदावतो आणि मग एका जागी थांबतो. चौथ्या महिन्यात काटा अडकला म्हणून डाएट बदलणाऱ्यांनी हे आधी वाचावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो हा वेग सुरक्षित धरलाय.

गोव्याचं ताट. शीत-कडी-नुस्तें, म्हणजे भात, नारळाची आमटी आणि मासे, हे काही लठ्ठ करणारं जेवण नव्हे, हे आधी सांगायला हवं. मासा प्रोटीनचा, कडी नारळाची, सोलकढी पाचक. घोळ प्रमाणाचा आणि तळण्याचा आहे. उकडा तांदूळ म्हणजे साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला. वाफेमुळे कोंड्यातलं बी-१ दाण्यात शिरतं आणि रक्तातली साखर थोडी सावकाश चढते म्हणतात, पण कॅलरी पांढऱ्या तांदळाइतक्याच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताला साधारण १३०. दवल्याने (मोठ्या डावाने) वाढलेलं शीत आणि वर परत 'आनी मातशें घे' (आणखी थोडं घे) झालं की तीनशे ग्रॅम कधी झालं ते कळत नाही. ओल्या खोबऱ्याला शंभर ग्रॅममागे साडेतीनशे ते साडेचारशे कॅलरी, जुन्या आणि नव्या तक्त्यांत इथे फरक आहे. चौघांच्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, एक नारळ जातो, तर तेवढ्याने फार बिघडत नाही. बांगडा हुमणात घातला तर बरा, तोच रव्यात घोळवून तळला की रवा तेल पितो. बहुतेक घरांत दुपारी दोन्ही असतं. खतखतें (भाज्यांची मिश्र आमटी), आळसाण्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), तांबडी भाजी हे सगळं आपल्याकडे आधीच आहे, ते सोडून बाजारातून किनोआ आणायचं म्हणजे कमालच.

पेजेचं वेगळं सांगायला हवं. शेतावरचा माणूस दहा-अकराला पेज प्यायचा, बरोबर मिसकुटाची (कैरीच्या लोणच्याची) फोड किंवा खारें, म्हणजे खारवलेला मासा. पेजेत पाणी भरपूर असल्यामुळे वाटीमागे कॅलरी कमी आणि पोट मात्र भरतं, आहारशास्त्रात याला ऊर्जेची घनता कमी असणं म्हणतात. नाचण्याचं आंबील आणि कुळदाची पिठीही याच वर्गातली. तिझान (गोड खिरीसारखा पदार्थ) मात्र नाचण्याचंच असूनही गूळ आणि नारळाचा रस घालून करतात, ते डाएटमध्ये धरू नये.

पोई हा गोव्याचा गोल पाव, डाएटवाल्यांची लाडकी. वरून कोंडा लावलेली, आत पोकळ, पदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ सायकलवरून हॉर्न वाजवत आणतो. पाव हा शब्द पोर्तुगीज आहे यात वाद नाही, पोई मात्र काही जण पोळीशी जोडतात आणि काही जण वेगळं मूळ शोधतात. उच्चार बघता पोळीचं नातं अशक्य नाही, त्यापलीकडे जाऊ नये. पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर (ताडीसारख्या रसावर) फुगवत, सूर काढणारे रेंदेर कमी झाले तसं यीस्ट आलं. वर कोंडा दिसला म्हणून आत सगळी कणीकच आहे असं नसतं, बऱ्याच ठिकाणी मैद्याचं प्रमाण मोठं असतं. मोडून बघायचं, आत पांढरी शुभ्र असेल तर ती नुसती कोंड्याचा सदरा घातलेली पाव आहे.

दारूच्या कॅलरी लोक मोजतच नाहीत. अल्कोहोलला ग्रॅममागे सात कॅलरी, साधारण ४३ टक्क्यांच्या काजू फेणीच्या साठ मिलीत सुमारे १४०, आणि त्यात गोड सोडा घातला की ते वेगळंच. हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांत, मार्च ते मे, डाएट कोण सुरू करत नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्या आणि पातोळ्या, डिसेंबरात ख्रिसमसला शेजाऱ्यांकडून आलेली दोदोल आणि बेबिंका ही मिठाई. श्रावणात मासे बंद म्हणून वजन उतरेल असं वाटतं, पण मासा जातो आणि जागा भात आणि गोड घेतात. एकादशीचं तर म्हणीतच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी, साबुदाण्याला दोष देऊन काय उपयोग.

मराठी घरांत साधारण २०१८ च्या सुमारास दीक्षित की दिवेकर हा वाद रंगला तो डिचोली-फोंडा-पेडण्यापर्यंत व्हॉट्सअॅपवरून पोचला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा मार्ग, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर बेतलेला, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा, वर ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, कारण प्रत्येक खाण्याला इन्सुलिन वाढतं. ऋजुता दिवेकर यांचा मार्ग थोड्या थोड्या वेळाने थोडं, घरचं, हंगामातलं खा, तूपभाताला घाबरू नका. दोन्हीकडचे भक्त एकमेकांना मूर्ख समजतात. एकंदर अभ्यास बघितले तर पद्धतीपेक्षा टिकणं महत्त्वाचं निघतं: २०१८ मधल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात ६०९ लोकांना वर्षभर लो-फॅट किंवा लो-कार्बवर ठेवलं, एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६, आणि हा फरक नगण्य ठरला. ज्याला दोनदा जेवून राहवतं त्याने तसं करावं. चारला चहाबरोबर काहीतरी लागतंच अशा माणसाने उगाच व्रत घेऊ नये.

व्यायामाने एकट्याने वजन फार उतरत नाही, हे लोकांना ऐकायला आवडत नाही. ७० किलोचा माणूस पाऊण तास भराभर चालला तर सुमारे २०० कॅलरी जातात. पणजीत सकाळी मिरामारवर बघा, दोना पावलाच्या रस्त्याने जाऊन परत येणारी माणसं साडेसातला टपरीवर थांबतात, पातळ भाजी, दोन पाव, वर एक मिरची भजी, नाहीतर बन्स आणि साखरेचा चहा, झाला हिशेब बरोबर, उलट थोडं देणंच निघतं. टांझानियाच्या हाड्झा शिकारी लोकांवरच्या २०१२ च्या अभ्यासात तर दिवसभर चालणाऱ्या त्या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराच्या मापाने बघितलं तर, बैठ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. याचा अर्थ व्यायाम फुकट असा नाही. उतरलेलं वजन टिकवायला, स्नायू राखायला आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवायला तोच लागतो, चालण्याबरोबर वजनं उचलणं किंवा जोर-बैठका असतील तर जास्तच चांगलं.

रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठून आला? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने 'मानपो-केइ' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर विकायला काढलं. काहींच्या मते दहा हजारासाठीचं जपानी चिन्ह चालणाऱ्या माणसासारखं दिसतं म्हणून तो आकडा घेतला, काही जण हातानो या संशोधकाच्या हिशेबाकडे बोट दाखवतात. जाहिरातीची बाजू जास्त पटते. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा आयुष्य वाढण्याचा फायदा साठीच्या पुढच्यांत सहा ते आठ हजारांवर आणि तरुणांत आठ ते दहा हजारांवर थबकलेला दिसला. जून ते सप्टेंबर गोव्यात तेवढीही होत नाहीत, छत्री धरून कोण भराभर चालणार, आणि एरवीही कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढायची सवय. पावसात घरातच सूर्यनमस्कार घालणारे आहेत. ते समर्थ रामदासांपासूनचे की औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात आजच्या रूपात रुळवले, यावर वाद आहे. आजचा क्रम आणि प्रसार औंधकडेच जातो असं दिसतं.

हे सगळं गोव्यात का महत्त्वाचं, तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या डायबेटिस पाहणीत डायबेटिसचं प्रमाण देशात सर्वात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४. चेन्नईच्या २००६ च्या प्रयोगात, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारलं तेव्हा तीन वर्षांत धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि गंमत म्हणजे वजन फारसं उतरलं नव्हतं. म्हणजे काटा हलला नाही तरी आत काहीतरी होत असतं.

घरच्यांचा अडथळा वेगळाच. कोणी पाच किलो उतरवले की शाबासकी मिळत नाही, 'किदें रे, सुकला मरे, बरें ना?' असं विचारतात आणि ताटात आणखी एक तळलेला तुकडा पडतो. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेल्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरला विचारून डोस बदलून घ्यायला हवा, नाहीतर गोळी तीच, जेवण अर्धं, आणि अकराच्या सुमाराला बाजारात मासळी घेता घेता हातपाय थरथरायला लागून घाम फुटतो.