कोर्सवर्कच्या बाकावर जमलेली सोबत

रॅगिंगविरोधी नियम म्हटलं की प्रवेशाच्या वेळी भरायचं हमीपत्र आणि वसतिगृहाच्या भिंतीवरचा फलक एवढंच बहुतेकांना आठवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २००९ च्या त्या नियमावलीत एक कलम शिक्षेचं नाही, सोबतीचं आहे. प्रत्येक संस्थेनं शैक्षणिक वर्ष संपताना स्वेच्छेनं पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मेंटॉरिंग सेल नेमायचा. सहा नवागतांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक. राघवन समितीचा २००७ चा अहवाल, मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे झालेला मृत्यू आणि त्यानंतर मे महिन्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, अशा वाटेनं ते कलम आलं. विद्यार्थ्यानं विद्यार्थ्याला सांभाळावं, ही अपेक्षा त्यात आकड्यानिशी लिहिली गेली.

पदवीच्या वर्गांना हा हिशेब चपखल बसतो, पीएचडीला बसत नाही. नियमातल्या ‘नवागत’ या शब्दात पहिल्या वर्षाचा संशोधक येतो, पण मेंटॉरांच्या पायऱ्या तुकड्यांवरून मोजायच्या आहेत आणि संशोधकाला तुकडीच नसते. तो कधी जुलैत येतो, कधी जानेवारीत. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पाचव्या वर्षात असतो आणि त्याचा विषय वेगळा, गाइड म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकही वेगळा.

२००९ पूर्वी बहुतेक विद्यापीठांत पीएचडी हा गाइड आणि विद्यार्थी या दोघांमधला व्यवहार होता. गाइड मिळवायचा, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहायचा, तो मान्यता देणाऱ्या आरआरसी या समितीसमोर मांडायचा, नोंदणीचं पत्र घ्यायचं आणि मग वर्षानुवर्षं एकट्यानं काम करायचं. विज्ञान शाखेत निदान प्रयोगशाळा होती. उपकरणाची वेळ कशी मिळवायची, रसायनाची मागणी किती आधी नोंदवायची, हे सिनियर शिकवत असे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांत तेही नव्हतं. एकाच विभागातले दोन संशोधक एकमेकांना पहिल्यांदा तिसऱ्याच कुणाच्या व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला भेटत.

हे चित्र बदललं ते मेंटॉरिंगच्या कलमानं नव्हे, तर त्याच वर्षीच्या पीएचडीच्या नियमावलीनं. प्रवेशपरीक्षा आली, ज्याला आपल्याकडे ‘पेट’ म्हणतात, आणि किमान एका सत्राचं कोर्सवर्क, म्हणजे वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम, सक्तीचं झालं. हेतू दर्जा सुधारण्याचा होता. पण वेगवेगळ्या गाइडांचे विद्यार्थी सहा महिने एका खोलीत बसू लागले आणि संशोधकांना पहिल्यांदा वर्गमित्र मिळाले. आजचे बहुतेक संशोधक गट, त्यांचे व्हॉट्सॲप समूह, शनिवारची वाचनमंडळं या बाकांवरच जमली. २०१६ च्या नियमांनी कोर्सवर्कला ८ ते १६ क्रेडिट ठरवून दिली आणि दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण घातलं. २०२२ च्या नियमांत किमान १२ क्रेडिट आहेत. या सहामाही सादरीकरणानं गटांना एक ठराविक काम दिलं: आदल्या आठवड्यात एकमेकांसमोर तालीम.

महाराष्ट्रात या सोबतीला जुनं मूळ आहे, ते विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं १९०१ पासून कोल्हापुरात उभी राहिलेली बोर्डिंगं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेलं सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग, पुण्यात १९५५ पासून चाललेली विद्यार्थी सहाय्यक समिती. खेड्यातून आलेल्या मुलाला शिकण्याइतकीच शहरात टिकण्याची विद्या लागते, आणि ती एकत्र राहून, एकत्र कामं करूनच येते, हे तिथं उमगलेलं होतं. घरातला पहिलाच पदवीधर आज पीएचडीला येतो तेव्हा त्याची अडचणही हीच असते. बुद्धी असते, पण कुठल्या खिडकीत कुठला कागद द्यायचा ते सांगणारं घरात कुणी नसतं.

फेलोशिपनं हे नातं आणखी घट्ट केलं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ही पहिल्या दोन वर्षांची कनिष्ठ फेलोशिप दरमहा ३७,००० आणि एसआरएफ ही त्यापुढची वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये आहे, पण ती आपोआप खात्यात येत नाही. संस्थेतल्या ‘मेकर’ म्हणजे नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यानं दरमहा पोर्टलवर नोंद करायची, ‘चेकर’ म्हणजे तपासणाऱ्यानं मंजूर करायची, दोघांपैकी एक रजेवर गेला की पैसे अडतात. दोन वर्षांनी एसआरएफ होताना मूल्यमापन समितीचा अहवाल वेळेत चढला नाही तरी तेच. कार्यालय हे समजावत बसत नाही, सिनियर समजावतो. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपांबाबतही माहितीचा खरा प्रवाह विद्यार्थ्यांकडून विद्यार्थ्यांकडेच वाहतो. २०२३ मध्ये बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर संशोधक कित्येक दिवस आंदोलनाला बसू शकले, कारण वेगवेगळ्या विद्यापीठांतले हे गट आधीपासून एकमेकांना जोडलेले होते.

संस्थांनी स्वतःहून केलेल्या प्रयत्नांत आयआयटी मुंबईचा उल्लेख करायला हवा. पदवीच्या मुलांसाठी तिथं मेंटॉर आहेत. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या नवागतांसाठी मात्र वेगळी व्यवस्था उभी राहिली आणि तिच्या नावात ‘कम्पॅनियन’ हा शब्द आला. निवड नेमकी आहे. पंचविशी-तिशीतल्या, काही वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मार्गदर्शक नको असतो, सोबती हवा असतो.

अशी व्यवस्था विभागात नव्यानं उभी करायची तर सहास एक हे प्रमाण संशोधकांसाठी जास्त आहे. तिघांमागे एक पुरे. मेंटॉर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला असावा. पाचव्या वर्षातला प्रबंधाच्या ओझ्याखाली असतो आणि त्याला प्रवेशाच्या वेळचे अर्ज आठवतही नाहीत. विषय जवळचा असावा, पण गाइड एकच नसावा. ही अट सर्वात महत्त्वाची, आणि सर्वात जास्त मोडली जाते तीही हीच. एकाच गाइडचे दोन विद्यार्थी जोडले की नवा मुलगा गाइडबद्दलची अडचण बोलतच नाही. बोललाच तर ती दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये पोचल्याची धास्ती त्याला राहते. पहिले बारा आठवडे दर आठवड्याला अर्धा तास भेट, नंतर महिन्यातून एकदा. वार आणि वेळ आधीच ठरलेली हवी. ‘काही लागलं तर फोन कर’ असं म्हणून सोडलं तर फोन येत नाही, कारण ज्याला सर्वात जास्त गरज असते तोच संकोचतो.

मेंटॉरनं काय करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यावं. सिनॉप्सिस लिहून द्यायचा नाही, वाचून खुणा करायच्या. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. हजेरी किंवा प्रगतीचा अहवाल विभागाला द्यायचा नाही. तो दिला की मेंटॉर हा गाइडचा हेर ठरतो आणि गट महिन्याभरात मोडतो. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, याला एकच अपवाद: जिवाला धोका. झोप उडालेली, भेटी टाळणारा, ‘सगळं सोडून द्यावंसं वाटतं’ असं म्हणणारा सहकारी दिसला तर मेंटॉरनं समुपदेशक बनू नये. त्याच्यासोबत थांबावं, समुपदेशन केंद्रापर्यंत बरोबर जावं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मेंटॉरचाही विचार व्हायला हवा. बहुतेक विभागांत हे काम फुकटात, दोन-तीन तत्पर विद्यार्थ्यांवर पडतं, आणि त्यांत मुलींचा वाटा मोठा असतो. एका वर्षानंतर मेंटॉर बदलावा. २०२२ च्या नियमांनुसार संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन-संशोधन साहाय्याचं काम देता येतं. हे तास त्यात धरावेत, असं आमचं ठाम मत आहे.

सगळ्यात मागे राहिले आहेत ते अर्धवेळ संशोधक. नियमांनी अर्धवेळ पीएचडीला मुभा दिली आणि महाविद्यालयांतले अध्यापक, शाळांतले शिक्षक नोकरी सांभाळून येऊ लागले. कोर्सवर्क संपलं की ते सहा महिन्यांतून एकदाच, सादरीकरणाच्या दिवशी विभागात दिसतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. गटाची बैठक त्याच दिवशी, सादरीकरणानंतर लगेच आणि बस सुटण्याआधी ठेवली तर ते थांबतात.