रॅममधल्या पोकळीचा हिशेब

एम्बेडेड बोर्डावरची (उपकरणाच्या आत बसवलेल्या लहान संगणकाची) रॅम सलग असते असं धरून चालणं सोयीचं, पण हार्डवेअरला ते बंधन नाही. प्रोसेसर बनवणारे प्रत्येक मेमरी बँकेसाठी (चिपच्या गटासाठी) मोठ्यात मोठी चिप मावेल एवढे पत्ते राखून ठेवतात. बोर्ड बनवणारे खर्च सांभाळून लहान चिप लावतात. उरलेल्या पत्त्यांमागे मग काहीच नसतं.

१९९०च्या दशकाच्या अखेरचा स्ट्राँगआर्म एसए-११०० हा प्रोसेसर घ्या. त्यात डीरॅमच्या चार बँका, प्रत्येकीसाठी १२८ एमबीचे पत्ते. पहिल्या दोन बँकांत १६-१६ एमबी बसवली की मध्ये ११२ एमबीची पोकळी पडते. लिनक्स मुळात भौतिक मेमरीच्या प्रत्येक पेजची (ठरावीक आकाराच्या तुकड्याची) नोंद एकाच सलग अ‍ॅरेत ठेवत असे. ४ केबीच्या हिशेबाने या पोकळीत २८,६७२ पेज बसतात. नोंद ३२ बाइटची धरली तर ८९६ केबी, तेही एकूण ३२ एमबीच्या यंत्रात आणि अस्तित्वातच नसलेल्या मेमरीसाठी! या साऱ्या इतिहासात मला हाच आकडा सगळ्यात बोलका वाटतो.

यावरचा पहिला तोडगा, डिस्कॉन्टिगमेम, मोठ्या नुमा यंत्रांच्या (ज्यांत मेमरी नोड नावाच्या गटांत वाटलेली असते) कल्पनेवर उभा होता: प्रत्येक तुकडा स्वतंत्र नोड, त्याचा अ‍ॅरे वेगळा. जागा वाचली, पण एकाच प्रोसेसरच्या साध्या बोर्डावरही कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) अनेक नोड सांभाळावे लागले. २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत स्पार्समेम आलं. पत्त्यांचे समान भाग पाडायचे आणि जिथे खरोखर रॅम आहे त्याच भागांच्या नोंदी ठेवायच्या. डिस्कॉन्टिगमेम त्यानंतरही बराच काळ टिकलं. ते काढलं गेलं २०२१ मध्ये, ५.१४ आवृत्तीत.

एमएमयू (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडणारा भाग) नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर आभासी पत्त्यांचं पांघरूण घालता येत नाही. अशा चिपवर चालणाऱ्या फ्रीआरटॉस या लहान ऑपरेटिंग सिस्टिमच्या हीप_५ या मेमरी वाटणाऱ्या भागात विखुरलेल्या तुकड्यांची यादी पत्त्यांच्या चढत्या क्रमाने आधीच द्यावी लागते. तरीही एक मोठा बफर (डेटा ठेवायची सलग जागा) दोन तुकड्यांत अर्धा-अर्धा मिळत नाही.

एमएमयू असूनही डीएमएचा, म्हणजे कॅमेऱ्यासारख्या उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरण्याचा, प्रश्न उरतोच. आयओएमएमयू (उपकरणांसाठीचा एमएमयू) नसेल तर कॅमेऱ्याला भौतिक पत्तेच दिसतात, आणि विखुरलेली पेज स्वतः गोळा करण्याची सोय त्यात नसेल तर मोठा सलग पट्टा लागतो. पूर्वी तो बूट होतानाच अडवून ठेवत. कॅमेरा बंद असला तरी ती रॅम पडून राही. २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आलेल्या सीएमए या सलग मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेने हा पट्टा एरवी हलवता येणाऱ्या पेजना वापरू दिला. कॅमेऱ्याने मागितला की ती पेज दुसरीकडे हलवली जातात.