काझिमिएश आणि पॉदगूझे: क्राकूवमधली ज्यू वस्ती कुठली आणि घेट्टो कुठला?

पोलंडमधल्या क्राकूव शहरात ‘ज्यू क्वार्टर’ या नावाने जी पायी फेरी असते, तिच्यात बहुधा दोन वेगळ्या जागा एका दमात दाखवतात. विस्तुला नदीच्या अलीकडे काझिमिएश, पलीकडे पॉदगूझे. मग घरी परतलेला माणूस फोटो दाखवताना काझिमिएशलाच घेट्टो, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती, म्हणून मोकळा होतो. काझिमिएशमध्ये ज्यू जवळजवळ साडेचारशे वर्षं नांदले. घेट्टो पॉदगूझेत होता आणि तो जेमतेम दोन वर्षं होता.

काझिमिएश मुळात क्राकूवचा भागच नव्हतं. तिसरा काझिमिएश या राजाने 1335 मध्ये वसवलेलं ते स्वतंत्र शहर. दोन्ही शहरांच्या मधून विस्तुलाचा एक फाटा वाहायचा. तो 19व्या शतकात बुजवला, आणि आज त्याच्या जागी दित्ला नावाचा रुंद रस्ता आहे. 1495 मध्ये राजा यान ओल्ब्राख्तने क्राकूवमधल्या ज्यूंना इथे हलवलं आणि त्यांची वस्ती या शहराच्या ईशान्य भागात वाढत गेली. तिचं केंद्र म्हणजे शेरोका, नावाला रस्ता पण दिसायला लांबट चौक. तिथल्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आता संग्रहालय आहे. रेमू सिनेगॉगमध्ये मात्र आजही प्रार्थना होते. त्याला लागूनच्या दफनभूमीत 1572 मध्ये वारलेले धर्मपंडित मोझेस इस्सेर्लेस यांची कबर आहे, आणि तिच्या दर्शनाला जगभरातून श्रद्धाळू ज्यू येतात. काझिमिएशचा दुसरा भाग ख्रिश्चनांचा. वोल्नित्सा चौक आणि जवळचं भव्य चर्च पुष्कळ गाइड गाळतात, पण ते पाहिल्याशिवाय हे दोन धर्मांचं शहर होतं हे कळत नाही.

पोटाची सोयही इथेच. प्लाट्स नोव्ही चौकातल्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापिएकांका मिळते: लांब पाव उभा चिरून त्यावर मश्रूम आणि चीज. शाकाहारी माणसाला पोलंडमध्ये इतकं बिनघोर खाणं सहसा सापडत नाही. याच इमारतीत महायुद्धापूर्वी ज्यू रिवाजाप्रमाणे कोंबड्या कापल्या जायच्या.

पॉदगूझेची गोष्ट बरीच अलीकडची. ऑस्ट्रियाच्या राजवटीत 1784 मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि 1915 मध्ये ते क्राकूवमध्ये विलीन झालं. 1939 मध्ये जर्मनांनी पोलंड घेतल्यावर व्याप्त पोलंडचा नाझी गव्हर्नर हान्स फ्रांक क्राकूवच्या वावेल किल्ल्यात येऊन बसला. आपल्या राजधानीत ज्यू नकोत, असं त्याचं म्हणणं. शहरातल्या साठ हजारांहून अधिक ज्यूंपैकी बहुतेकांना 1940 पासून बाहेर हाकललं गेलं. जे उरले त्यांना मार्च 1941 मध्ये नदीपलीकडे जायचा हुकूम निघाला. जिथे आधी सुमारे तीन हजार माणसं राहत होती, तिथे पंधरा हजारांहून जास्त कोंबली गेली. तिथून उठवलेल्या पोलिश कुटुंबांना काझिमिएशमधली ज्यूंची रिकामी घरं मिळाली. काझिमिएशच्या इमारती उभ्या राहिल्या आणि माणसं गेली, ती अशी.

1942 च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये घेट्टोतल्या हजारोंना बेल्झेकच्या मृत्यूछावणीत धाडलं. 13 आणि 14 मार्च 1943 ला घेट्टो मोडला: कामाला चालतील त्यांना प्वाशूवच्या छावणीत नेलं, अनेकांना घेट्टोतल्या रस्त्यांवरच गोळ्या घातल्या, बाकीच्यांना आउश्वित्झला पाठवलं.

आजचा घोटाळा वाढवण्यात सिनेमाचाही हात आहे. 1993 च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधले घेट्टोचे प्रसंग बऱ्याच अंशी काझिमिएशमध्ये चित्रित झाले. युझेफा रस्त्यालगतचं जिन्याचं अंगण पर्यटक आवर्जून शोधतात, पण ते घेट्टोत नव्हतं. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणारा जर्मन कारखानदार शिंडलर, ज्याच्यावर हा सिनेमा आहे, त्याचा कारखानाही घेट्टोत नव्हता. तो झाब्वोचे भागात, रेल्वेमार्गापलीकडे. तिथल्या संग्रहालयाचा मुख्य विषय जर्मन ताब्यातलं क्राकूव आहे, शिंडलर त्यातला एक भाग. फेऱ्या बहुधा कारखान्याच्या दारापर्यंतच येतात. आत जायचं तर वेळेचं वेगळं तिकीट, आणि ते आधीच काढलेलं बरं.

गाइडवर एकदाच पैसे खर्च करायचे असतील तर ते पॉदगूझेसाठी करा. काझिमिएश नकाशा हाती घेऊन एकट्याने फिरता येतं. तिथल्या वास्तू दिसतात, पाट्या आहेत, 1978 पासून ते जागतिक वारशाच्या यादीतल्या क्राकूवचा भागही आहे. पॉदगूझेत नुसत्या डोळ्यांना साध्या इमारती आणि ट्राम दिसतात. ल्वोव्स्का रस्त्यावरचा घेट्टोच्या भिंतीचा तुकडा कुणी दाखवला नाही, तर तिच्या माथ्यावरच्या कमानी ज्यू थडग्यांच्या आकाराच्या आहेत हे लक्षातही येणार नाही. ज्या चौकात माणसांना गोळा करून गाड्यांकडे नेत, तिथे 2005 पासून धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या उभ्या आहेत. लोक त्यांवर बसून कॉफी पितात. कोपऱ्यावर तादेउश पांकिएविच यांचं औषधांचं दुकान, आता संग्रहालय. घेट्टोत दुकान चालवायची परवानगी मिळालेला हा एकमेव बिगर-ज्यू पोलिश माणूस; त्यांनी आतल्या लोकांना औषधं, निरोप आणि आसरा पुरवला.

फेरी निवडताना ती बेर्नातेक पादचारी पूल ओलांडते का, हे आधी विचारा. ओलांडत नसेल तर तुम्ही फक्त काझिमिएश पाहणार आहात, वर्णनात ‘घेट्टो’ लिहिलेलं असलं तरी. प्वाशूवची छावणी या दोन्हींच्या बाहेर, आणखी दक्षिणेला आहे. तिच्यासाठी वेगळा वेळ ठेवावा लागतो.