चमलीज: पाटी नसलेला गुत्ता आणि त्याचे लेखक

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधे ८६ बेडफर्ड स्ट्रीटला एक साधं लाकडी दार आहे. तिथे चमलीज नावाचा गुत्ता होता, पण बाहेर पाटी कधीच नव्हती. मागच्या बॅरो स्ट्रीटकडून एका चौकातून आत यायची वेगळी वाट होती, म्हणजे पोलीस एका दाराने आले की दुसऱ्याने सटकायची सोय.

त्यामागची गोष्ट अशी की जानेवारी १९२० पासून अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. गंमत म्हणजे कायद्यात पिण्यावर बंदी नव्हती, बनवणं, विकणं, वाहतूक, आयात-निर्यात हे बेकायदा, त्यामुळे पिणं काही थांबलं नाही आणि दुकानं दाराआड गेली. लेलंड चमली नावाच्या माणसाने त्याच दशकात इथली जुनी लोहारशाळा घेतली. हा पक्का समाजवादी, आयडब्ल्यूडब्ल्यू या जहाल कामगार संघटनेतला. लोक फक्त त्याच्या दारूसाठी यायचे असं मला वाटत नाही, व्हिलेजमधे तेव्हा भाडी कमी होती, बंडखोर, चित्रकार, कवी सगळे तिथेच राहायचे आणि त्यांना रात्रभर वाद घालायला जागा हवी होती, ती इथे मिळाली.

पुस्तक छापून आलं की त्याचं जॅकेट, म्हणजे वरचं कागदी वेष्टण, भिंतीवर लावायचं अशी इथली प्रथा पडली, आणि हळूहळू भिंती भरून गेल्या. हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड, स्टाइनबेक, फॉकनर अशी भली मोठी यादी सांगतात. आता भिंतीवर जॅकेट आहे म्हणजे तो लेखक रोज तिथे बसायचा असं काही नाही, ही यादी जरा सांभाळूनच घ्यावी :) कवयित्री एडना सेंट व्हिन्सेंट मिलेचं मात्र पटतं, कारण ती १९२३-२४ मधे त्याच रस्त्यावर ७५½ नंबरच्या जेमतेम साडेनऊ फूट रुंद घरात राहायची!

डिसेंबर १९३३ ला बंदी उठली तरी पाटी काही लागली नाही. चमली १९३५ ला गेला, पुढे बायको हेन्रिएटाने १९६० पर्यंत जागा चालवली. २००७ मधे आतली चिमणी आणि भिंत ढासळली आणि दुरुस्ती, परवाने, शेजाऱ्यांचे आक्षेप यात नऊ वर्षं गेली. २०१६ ला उघडलं ते महागडं रेस्टॉरंट होऊन, पूर्वीचा बिअर-बर्गरवाला अड्डा गेलाच, आणि २०२० च्या कोविडमधे तेही बंद पडलं. आता जाणाऱ्याने ते दार बघावं आणि तसंच पुढे मिलेच्या घरापर्यंत चालत जावं, ते मात्र बाहेरूनच बघायचं.