रिझोल्यूशन की स्केलिंग? पडद्यावरची अक्षरे मोठी करताना

मॉनिटरवरची अक्षरे फार बारीक वाटू लागली की डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय जवळजवळच सापडतात: रिझोल्यूशन (चित्रात आडवे आणि उभे किती ठिपके असावेत) आणि स्केलिंग (अक्षरे व चिन्हे किती टक्के मोठी दाखवावीत). रिझोल्यूशन कमी केले किंवा स्केलिंग वाढवले, तरी अक्षरे मोठीच होतात, आणि म्हणून हे दोन्ही मार्ग सारखेच समजले जातात. प्रत्यक्षात पहिल्याने चित्र बहुतेक वेळा बिघडते.

सपाट पडद्याच्या पॅनेलवर पिक्सेलची जाळी तयार होतानाच कायमची ठरलेली असते. फोर-के मॉनिटरवर आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल असतात, आणि रिझोल्यूशन २५६०×१४४० केले म्हणून त्यांतला एकही कमी होत नाही. संगणक फक्त कमी ठिपक्यांचे चित्र पाठवतो आणि ते ताणून पूर्ण पडदा भरावा लागतो. आता आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना एका ठिपक्याच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो. अर्धा पिक्सेल वेगळा रंगवता येत नसल्याने शेजारच्या ठिपक्यांच्या रंगांची सरासरी काढली जाते, आणि काळ्या अक्षरांच्या कडांवर करडी छटा पसरते. देवनागरीतल्या गुंतागुंतीच्या जोडाक्षरांना याचा फटका विशेष बसतो. १९२०×१०८० निवडल्यास प्रत्येक ठिपक्याला दोन्ही दिशांना दोन, म्हणजे एकूण नेमके चार पिक्सेल मिळतात, तरीही अनेक मॉनिटर तेथेही सरासरीच काढतात. जुन्या, काचेच्या नळीच्या सीआरटी पडद्यांना अशी पक्की जाळी नव्हती, त्यामुळे तेथे रिझोल्यूशन बदलणे एवढे खुपत नसे.

स्केलिंगमध्ये रिझोल्यूशन मूळचेच राहते. फॉन्टमधील अक्षरे बाह्यरेषांच्या रूपात साठवलेली असल्यामुळे १५० टक्के स्केलिंगवर तेच अक्षर अधिक पिक्सेल वापरून नव्याने रेखले जाते. फोर-के पडद्यावर या अक्षरांचा आकार २५६०×१४४० रिझोल्यूशनवरील अक्षरांएवढाच भरतो, मात्र त्यांच्या कडा स्पष्ट राहतात. अपवाद आहे तो स्केलिंग न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा: त्यांची खिडकी ऑपरेटिंग सिस्टीम चित्रासारखी ताणते आणि फक्त ती खिडकी धूसर दिसते. त्यासाठी सगळ्या पडद्याचे रिझोल्यूशन उतरवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

गेममध्ये मात्र रिझोल्यूशन कमी करण्याला सबळ कारण असते, कारण फोर-केमध्ये २५६०×१४४० च्या सव्वादोन पट पिक्सेल असतात आणि तेवढा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. अनेक गेममध्ये फक्त त्रिमितीय दृश्य कमी रिझोल्यूशनवर रेखण्याची वेगळी सोय असते. ती वापरल्यास मेनू आणि मजकूर मूळ रिझोल्यूशनवरच राहतात.